पीआरव्हीनंतर गॅस किती गार होईल? अंदाज बांधताना या चुका टाळा

पीआरव्ही म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. कॉलेजात पाठ केलेलं ॲडिअबॅटिक (बाहेरून उष्णता न घेता होणाऱ्या) प्रसरणाचं सूत्र इथे लावू नका. ते टर्बाइनसाठी ठीक आहे, कारण तिथे गॅस पाती फिरवतो, काम करतो. पीआरव्हीत तो नुसता अरुंद वाटेतून पुढे जातो आणि त्याची एन्थाल्पी (आतली ऊर्जा अधिक दाब-आकारमानाचा गुणाकार) जवळजवळ तेवढीच राहते. घरगुती पाइप गॅस ४ बारवरून २१ मिलिबारवर येतो. त्या सूत्राने उत्तर उणे साठच्याही खाली निघतं. प्रत्यक्षात तापमान दोनेक अंशच उतरतं.

हिशेब जूल-थॉमसन गुणांकाने करा, म्हणजे दाब एक बार उतरला की गॅस किती अंश गार होतो त्या आकड्याने. दाब किती पट घटला हे नव्हे, किती बार घटला हे पाहा. नेहमीच्या तापमानाला नैसर्गिक वायू बारमागे साधारण अर्धा अंश गार होतो, हवा आणि नायट्रोजन ०.२च्या आसपास, कार्बन डायऑक्साइड एक अंशाहून जास्त. हायड्रोजन उलट किंचित तापतो, म्हणून एका गॅसचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

६० बारचा नैसर्गिक वायू २० बारवर आणला की सुमारे २० अंश गेले. इनलेटला २५ असेल तर पुढे ५. शून्याच्या वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका! गॅसमध्ये पाणी असेल तर या दाबाला हायड्रेट (पाणी आणि गॅस मिळून होणारा बर्फासारखा घन पदार्थ) शून्याच्या वरही धरतं आणि पायलट लाइन (व्हॉल्व्हचं नियंत्रण करणारी बारीक नळी) चोंदते. मोठ्या स्टेशनवर व्हॉल्व्हच्या आधी हीटर असतो तो यासाठीच. इनलेटचं तापमानही मोजूनच घ्या. जमिनीखालची लाइन बाहेरच्या हवेइतकी तापलेली असेलच असं नाही.

जास्त दाबाला गुणांक घटतो, हे बहुतेकजण विसरतात. नायट्रोजन १५० बारवरून १० बारवर आणताना ०.२२ने गुणलं तर ३१ अंश येतात, खरी घट वीसेक अंशांची. अशा वेळी एन्थाल्पीचा तक्ताच उघडावा. वेल्डिंगच्या सीओटू सिलिंडरला तर साधा गुणाकार चालतच नाही: दाब ५.२ बारच्या खाली गेला की कोरडा बर्फ होऊ शकतो आणि रेग्युलेटर गोठतो.

मोजलेला आकडा जुळत नसेल तर आधी थर्मामीटरची जागा तपासा. व्हॉल्व्हला अगदी चिकटून असेल तर वेगवान झोतामुळे रीडिंग फसवं येतं. इन्सुलेशन नसलेल्या पाइपवर फार पुढे असेल तर गॅसने बाहेरची उष्णता घेतलेली असते. आणि हॉटेलातल्या एलपीजी सिलिंडरवर दव-बर्फ दिसला तर रेग्युलेटरला दोष देऊ नका. आतला द्रव उकळताना सिलिंडरचीच उष्णता ओढतो, म्हणून जोडणीला आणखी सिलिंडर लावा.