सेवा निर्यात करताय? व्यापार कराराच्या भरवशावर होणाऱ्या या चुका टाळा

मालाच्या व्यापारात करार लागू झाला की फरक सीमाशुल्कात दिसतो. उगमाचा दाखला जोडला की शुल्क कमी होते. सेवांना मुळात सीमाशुल्कच नाही. पुण्यातून लंडनसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर किंवा नाशिकच्या आर्किटेक्टने मेलबर्नच्या इमारतीसाठी काढलेली ड्रॉइंग्ज बंदरावर अडत नाहीत. ती अडतात परवान्यात, व्हिसात, पदवीच्या मान्यतेत, करकपातीत आणि बँकेच्या कागदात. त्यामुळे करारातला फायदा आपोआप खात्यावर येत नाही. मध्ये एखादी अधिसूचना, एखादा दाखला किंवा एखादी अट असते आणि पैसे नेमके तिथेच बुडतात.

सही झाली म्हणजे करार लागू झाला असे समजणे

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन या एफ्टा (युरोपियन मुक्त व्यापार संघटना) देशांशी झालेल्या व्यापार करारावर भारताने १० मार्च २०२४ रोजी सही केली. करार लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाने. मधल्या काळात ज्यांनी कराराचा फायदा धरून दर ठरवले त्यांच्या हाती काहीच नव्हते. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, पण तीही सहीचीच तारीख आहे. कोटेशनमध्ये कराराचा आधार घेताना वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अंमलाची तारीख पाहा. ती नसेल तर ‘करार लागू झाल्यास दर पुन्हा ठरवू’ असे वाक्य घाला.

सेवांचे परिशिष्ट उलटे वाचणे

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

१ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या गॅट्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा व्यापाराच्या, करारात सेवा देण्याचे चार मार्ग आहेत. पहिल्यात सेवा सीमा ओलांडते, जसे ईमेलने पाठवलेले डिझाइन. दुसऱ्यात ग्राहक येतो, जसे मुंबईत उपचारासाठी आलेला ओमानी रुग्ण. तिसऱ्यात तुम्ही तिथे कंपनी किंवा शाखा उघडता. चौथ्यात तुमची माणसे तिथे जाऊन काम करतात. प्रत्येक देश क्षेत्रानुसार आणि मार्गानुसार वेगवेगळी वचने देतो. एकच देश पहिल्या मार्गाला पूर्ण मोकळीक देतो आणि चौथ्याला जवळजवळ काहीच देत नाही.

ही वचने ज्या तक्त्यात असतात त्या परिशिष्टाच्या रकान्यात ‘नन’ लिहिलेले दिसले की नवखा वाचक समजतो, इथे काहीच मिळत नाही. अर्थ बरोबर उलटा आहे: निर्बंध काही नाही. खरी नकारघंटा ‘अनबाउंड’ या शब्दात आहे, म्हणजे त्या देशाने कोणतेही बंधन स्वीकारलेले नाही आणि तो उद्या नियम बदलू शकतो. चौथ्या मार्गासमोर बहुधा ‘अनबाउंड, सामायिक भागात नमूद केलेले सोडून’ असे असते. हा सामायिक भाग परिशिष्टाच्या सुरुवातीला असतो आणि सगळ्या क्षेत्रांना लागू होतो. तो वाचलाच जात नाही.

दुसरा सापळा यादीच्या प्रकाराचा. होकारार्थी यादीत जे क्षेत्र लिहिलेले नाही ते बंद. नकारार्थी यादीत जे लिहिलेले नाही ते खुले. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात ऑस्ट्रेलियाची यादी नकारार्थी आहे आणि भारताची होकारार्थी. एकाच कराराची दोन परिशिष्टे दोन पद्धतींनी वाचावी लागतात.

वाचण्याचा क्रम असा ठेवा. आधी संयुक्त राष्ट्रांच्या सीपीसी वर्गीकरणात आपल्या कामाचा क्रमांक शोधा: संगणक सेवा ८४, अभियांत्रिकी ८६७२, वास्तुरचना ८६७१, लेखा व लेखापरीक्षण ८६२. मग आपला मार्ग ठरवा. मग सामायिक भाग वाचा आणि शेवटी आपल्या क्षेत्राची ओळ. त्या देशाचा आजचा परवाना कायदा याच्यानंतर तपासायचाच आहे, कारण बाजार खुला असला तरी स्थानिक नोंदणीशिवाय वास्तुविशारदाला नकाशावर सही करता येत नाही. व्यावसायिक संस्थांमधला परस्पर मान्यतेचा करार वेगळा असतो. व्यापार करार बहुतेक वेळा तो करण्याची फक्त वाट मोकळी करतो. एफ्टा करारातल्या परिचर्या, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद यांच्याबद्दलच्या तरतुदी अशाच आहेत.

व्यापार करारात कराची सवलत शोधणे

करकपातीचा प्रश्न बहुधा दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात आणि त्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात सुटतो. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. भारतात बसून दिलेल्या तांत्रिक सेवांच्या मोबदल्यावर तिथे कर लागायचा आणि आपल्या आयटी कंपन्यांची ती जुनी तक्रार होती. व्यापार करारासोबत ऑस्ट्रेलियाने आपला कायदा बदलला म्हणून तो थांबला. सवलत भारतातून दिलेल्या कामापुरती आहे, तिथे जाऊन केलेल्या कामाला नाही. ग्राहकाचा लेखाविभाग जुन्या सवयीने रक्कम कापत असेल तर बिलासोबत लेखी कळवा आणि काम कुठे झाले ते बिलावर लिहा.

करार आहे म्हणून लाभ आहे, हे गृहीत धरणे किती घातक ठरते ते नेस्ले प्रकरणात दिसले. १९ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर करारातल्या ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ कलमाचा (दुसऱ्या देशाला दिलेली जास्त सवलत आपल्यालाही मिळावी, असे सांगणाऱ्या) लाभ आयकर कायद्याच्या कलम ९० खालच्या वेगळ्या अधिसूचनेशिवाय मिळत नाही. त्यानंतर स्वित्झर्लंडनेही १ जानेवारी २०२५ पासून आपल्या बाजूने ते कलम लागू करणे थांबवले. तिथून भारतीय कंपन्यांना येणाऱ्या लाभांशावरचा कर ५ टक्क्यांवरून पुन्हा १० टक्के झाला.

वर्षाच्या सुरुवातीलाच टीआरसी, म्हणजे कर-रहिवासाचा दाखला, आयकर विभागाकडून काढून ठेवा. अमेरिकी ग्राहकाला व्यक्ती असाल तर डब्ल्यू-८बेन आणि कंपनी असाल तर डब्ल्यू-८बेन-ई हा तिथल्या करकपातीसाठीचा फॉर्म द्या. सहीच्या वर्षानंतरचे तिसरे वर्ष संपेपर्यंत तो साधारणपणे चालतो, मग नवा द्यावा लागतो. कर कापला गेलाच तर ग्राहकाकडून भरल्याचा पुरावा घ्या, नाहीतर इथे त्याची वजावट मागता येणार नाही.

डॉलर आले म्हणजे निर्यात झाली असे मानणे

सेवेची निर्यात ठरायला आयजीएसटी कायद्याच्या कलम २(६) मध्ये पाच अटी आहेत. सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, पुरवठ्याचे ठिकाण भारताबाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्रकारे रुपयांत, आणि दोघे एकाच संस्थेच्या दोन शाखा नसणे. पाचही पूर्ण व्हाव्या लागतात. गाडी अडते ती तिसऱ्या अटीवर.

लंडनच्या जोडप्याने पौंडांत पैसे देऊन गोव्यात लग्नाचा कार्यक्रम करून घेतला, तर कार्यक्रम गोव्यात झाला, म्हणून पुरवठ्याचे ठिकाण गोवा. कर लागतो. परदेशी मालकाच्या गोव्यातल्या बंगल्याचे ड्रॉइंग केले तरी तसेच, कारण स्थावर मालमत्ता भारतात आहे. नाशिकच्या आर्किटेक्टची मेलबर्नची इमारत मात्र निर्यात ठरते.

त्याहून मोठी डोकेदुखी मध्यस्थाची. जर्मन यंत्र कंपनीसाठी भारतात खरेदीदार शोधून कमिशन घेतले तर कलम १३(८)(ब) लागू असलेल्या काळात पुरवठ्याचे ठिकाण पुरवठादाराचे, म्हणजे भारत, आणि १८ टक्के जीएसटी. तो वेगळा आकारलेला नसेल तर १० लाखांच्या कमिशनमधून सुमारे १ लाख ५२ हजार रुपये तुमच्याच खिशातून जातात. हे कलम वगळण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत केली. जुन्या बिलांचे वाद तरीही चालू राहतात, म्हणून बिलाच्या तारखेला कायदा काय होता ते पाहूनच उत्तर द्या. २० सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रक १५९ प्रमाणे मध्यस्थ ठरायला किमान तीन पक्ष आणि दोन वेगळे पुरवठे लागतात. स्वतःच्या जबाबदारीवर मुख्य सेवा देणारा मध्यस्थ नाही. बॅक ऑफिसचे काम करत असाल तर करारनाम्यात ‘एजंट’, ‘यांच्या वतीने’ आणि ‘कमिशन’ हे शब्द येऊ देऊ नका. पण शब्द बदलून काम बदलत नाही. अधिकारी ईमेल आणि बिले मागतो.

कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नवे लागते. १ एप्रिलच्या पहिल्या बिलाआधी आरएफडी-११ भरा. पैसे मुदतीत आले नाहीत तर कर १८ टक्के व्याजासह भरावा लागतो. परताव्याचा अर्ज दोन वर्षांत.

बँकेला चुकीचा पर्पज कोड देणे

परदेशातून पैसे कशासाठी आले ते पर्पज कोड बँकेला सांगतो. सॉफ्टेक्स, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यात जाहीर करण्याच्या, फॉर्मखाली न येणाऱ्या सॉफ्टवेअर सल्ल्याला पी०८०२, व्यवस्थापन सल्ल्याला पी१००६. कोड बिलाशी जुळला नाही तर परताव्याच्या वेळी प्रश्न येतो. पेमेंट प्लॅटफॉर्ममार्फत रुपये खात्यात पडले तर बँकेकडून किंवा प्लॅटफॉर्मकडून प्रत्येक रकमेचा परकीय चलन आल्याचा दाखला घ्या. दोन वर्षांनी तो मागायला गेल्यावर फार हाल होतात.

माणूस विमानात बसल्यावर कागद शोधणे

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा अनेक देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. बेल्जियमबरोबरचा तर १ सप्टेंबर २००९ पासून लागू आहे. ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ निघाले असेल तर तिथल्या सामाजिक सुरक्षा योजनेची वर्गणी ठरलेल्या काळापर्यंत भरावी लागत नाही. काळ देशानुसार बदलतो. दाखला कर्मचारी निघण्याआधी काढा. अमेरिकेशी असा करार नाही, तिथला खर्च दरातच धरा.

दुबईत कंपनी आधी, रिझर्व्ह बँक नंतर

संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार १ मे २०२२ पासून आणि गुंतवणूक करार ३१ ऑगस्ट २०२४ पासून आहे. हे ऐकून अनेक जण आंतरराष्ट्रीय कार्डाने फी भरून फ्री झोनमध्ये कंपनी उघडतात. भांडवल अधिकृत बँकेमार्फतच जावे लागते. आधी परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी, त्यावर यूआयएन हा गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, मग पैसे. शेअर प्रमाणपत्र सहा महिन्यांत बँकेला द्या. नंतर तिथल्या सरकारशी वाद झाला तर गुंतवणूक कराराखाली लवादात जाण्याआधी स्थानिक उपायांसाठी तीन वर्षे जातात, हेही हिशेबात धरा. आणि कंपनीने एक दिरहमही कमावला नसला तरी वार्षिक कामगिरी अहवाल दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेत पोचवा.