स्कूटरला बोर्ड, आणि दहाच्या आत परत

गाडी दुचाकी आणि हौस सर्फिंगची, असं असेल तर सगळ्यात आधी वारा समजून घ्या. रॅक, पट्टे, बोर्डची लांबी हे सगळं नंतर. मी गोव्यात म्हापशात राहते, दुपारच्या पाळीला औषधाच्या दुकानात असते आणि सकाळी ॲक्टिव्हाला बोर्ड अडकवून मोरजी, आश्वे, मांद्रे, कधी हरमल अशा पट्ट्यात जाते. या किनाऱ्यावर दुचाकीने सर्फिंग मजेत जमतं, पण वेळ वाऱ्याची असते, आपली नाही.

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना, तेच इथे कामाला येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हा मतलई वारा लाटेला समोरून थोपवतो, ती उशिरा फुटते आणि तिचं तोंड गुळगुळीत राहतं. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उलटतो. खारा वारा वायव्येकडून येतो, पाणी कुरतडल्यासारखं होतं आणि लाटा मागूनच ढासळायला लागतात. हिवाळ्यात हा पालट साधारण दहा-अकराला होतो. मार्च-एप्रिलमध्ये खारा वारा लवकर सुटतो आणि जोरही जास्त असतो. आता हेच रस्त्यावर आणून बघा. सात फुटी बोर्ड म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटरचा पडदा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यावरचा रेटा चौपट होतो. म्हणजे लाट जेव्हा चांगली असते, नेमका तेव्हाच रस्ताही बोर्डसकट चालवण्याजोगा असतो. अंधार असतानाच तयारी करायची आणि खारा वारा अंगावर यायच्या आत परत फिरायचं. मी दहा ही वेळ धरली आहे आणि लाट कितीही छान असली तरी ती मोडत नाही.

भरती-ओहोटीसाठी मोबाइलवर तक्ते मिळतात, पण आपल्याकडचा जुना हिशेब अजून चोख चालतो: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला सहा वाजता भरती, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. सकाळी आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आपल्या वाळूच्या किनाऱ्यांवर भरती पूर्ण भरली की लाट काठालगत एकदम कोसळते, नवशिक्याला ती आपटते. अर्धी भरती, पाणी चढतं असताना, ही वेळ चांगली. उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने वर-खाली होतं, तेव्हा नवशिक्यांनी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, कमी चढउताराचे दिवस निवडावेत. कालनिर्णय बघून निघणारी मी एकटी नाही, काठावरून रापण (मोठं जाळं) ओढणारे रापणकारही तेच बघतात.

आता रॅक. तयार रॅक मिळतात, पण मी वेल्डरकडूनच करून घ्या म्हणेन, कारण तुमची गाडी आणि तुमचा बोर्ड समोर ठेवून माप घेता येतं. रॅक म्हणजे पाइपचे दोनच आकडे (हूक), इंग्रजी यू अक्षरासारखे, आणि बोर्ड त्यांत आडवा न पडता कडेवर उभा राहतो. ॲक्टिव्हाचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून रॅक डावीकडे. सायलेन्सरच्या बाजूला फोमबोर्ड (नवशिक्यांचा मऊ बोर्ड) लावलात तर तो भाजेल, त्यात तडजोड नको. पुढचा आकडा पाय ठेवायच्या फळीखालच्या चासीला पट्टीने आवळायचा, मागचा सीटमागच्या दांड्याच्या बोल्टांना. प्लास्टिकच्या पत्र्याला काहीही बांधायचं नाही, पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो तडकतो.

वेल्डरकडे उभं राहून चार गोष्टी बघून घ्या. एक, बोर्डची खालची कड जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे, आपले गतिरोधक आठवून माप घ्या. दोन, आकड्याची आतली रुंदी. फोमबोर्ड तीन-सव्वातीन इंच जाड असतो, वर पिशवी आणि मऊ अस्तर, म्हणजे पाच इंच हवेत. तीन, मागचा दिवा, डावा इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ॲक्टिव्हाची किक, साइड स्टँड आणि मधल्या स्टँडची दांडी, तिन्ही डावीकडेच असतात. स्टँडवर पाय ठेवायला फट राहील असा मागचा आकडा वाकवून घ्या. किक मात्र बोर्ड लावल्यावर मारता येतच नाही. म्हणून बॅटरी कुरकुरायला लागली की त्याच आठवड्यात बघून घ्यायची. किनाऱ्यावर सेल्फ लागला नाही तर बोर्ड उतरवून किक मारावी लागते.

पाइप साधा लोखंडी घेतलात तर खाऱ्या हवेत वर्षात खपली धरतो. स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ ग्रेड मागा. स्वस्तात मिळतं ते बहुधा २०२ असतं आणि त्यालाही समुद्राकाठी डाग पडतात. बजेट कमी असेल तर लोखंडी पाइपला रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइलपेंट, उघडी तोंडं बंद करून. आकड्यांना आतून मऊ काहीतरी हवं. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, मधोमध चीर देऊन चढवा आणि टेप गुंडाळा. याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

बोर्डची लांबी सात फुटांपर्यंत असेल तर काही चिंता नाही. स्कूटर स्वतःच सहा फूट लांब असते. आठ फुटी फोमबोर्ड जवळच्या अंतराला नेता येतो, पण पुढचं टोक पुढच्या चाकाच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही. जादाची लांबी मागे काढा आणि शेपटाला लाल फडकं बांधा. नऊ फुटी लाँगबोर्ड दुचाकीवर नेऊच नये. तो शिकवणाऱ्यांकडे किंवा ओळखीच्या शॅकवर (किनाऱ्यावरच्या खानावळीत) ठेवायची सोय बघा.

लावताना वॅक्सची, म्हणजे ज्यावर उभं राहतो ती बाजू आत, गाडीकडे. बोर्डचं नाक वर वळलेलं असतं. वॅक्सची बाजू बाहेर ठेवली तर ते बाहेर वळतं आणि सुपासारखा वारा भरून घेतं. आत ठेवली की वारा पाठीवरून घसरून जातो. मात्र हँडल डावीकडे पूर्ण वळवून बघा, नाकाला लागत असेल तर बोर्ड चार बोटं मागे सरकवा. फिन (बोर्डखालचे पर) निघत असतील तर काढून डिकीत टाका. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, शेपटाभोवती घट्ट गुंडाळून तिचा पट्टा तिच्यावरच चिकटवायचा. लोंबणारी लीश चाकात गेली तर काय होईल हे सांगायला नको. बांधायला बकलचे पट्टे उत्तम, नाहीतर टायरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या, त्या पकडतातही आणि बोर्डला चरेही पडत नाहीत. टोकाला लोखंडी हूक असलेल्या रबरी दोऱ्या मी वापरत नाही. सुटल्या तर सरळ डोळ्याकडे येतात.

मागे माणूस बसणार असेल तर त्याने उजवीकडून चढायचं आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. बोर्ड काखेत धरून मागे बसलेली माणसं आपल्याकडे रोज दिसतात. तसं करू नका. एक हात बोर्डला, एक हात चालवणाऱ्याला, आणि समोरून कदंबची बस आली की दोघंही वाऱ्याच्या तावडीत.

चालवताना ताशी चाळीसच्या वर जायचं कारण नाही. डाव्या वळणावर गाडी फार झुकवू नका, बोर्डची कड खाली येते. मोठी गाडी जवळून गेली की आधी हवा ढकलते, मग ओढते. हँडल घट्ट आवळून धरू नका, कोपर सैल ठेवा आणि रस्त्याच्या कडेपासून हातभर जागा राखा. शिवोली-चोपड्याच्या पुलावर हे सगळं एकदम अनुभवायला मिळतं. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे बोर्डच्याच बाजूला. दिवसा उशिरा निघालात तर शापोरा नदीच्या मुखाकडून येणारा वारा थेट बोर्डवर आदळतो आणि गाडी समोरून येणाऱ्या वाहनांकडे सरकते. परतताना वारा उजवीकडून येतो, बोर्ड आपल्या अंगाच्या आडोशाला असतो, पण नाक आणि शेपूट आडोशाबाहेरच. मग गाडीचं तोंड डावीकडे, कठड्याकडे ओढलं जातं. पूल चढण्याआधीच वेग तीसवर आणा, पुलावर ब्रेकशी खेळू नका. चोपड्यानंतर रस्ता अरुंद होतो. वळणांवर वाळू पसरलेली असते, कुठे जांभ्याची लाल भुकटी, आणि पहाटे कुत्री आणि गुरं रस्त्यावरच बसलेली.

किनाऱ्यावर गाडी लावायचंही एक तंत्र आहे. वाळूवर गाडी न्यायचीच नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवणं बेकायदा आहे, आणि मोरजी ते मांद्रे या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ही घरटी वरून दिसत नाहीत, चाकाखाली काय आलं ते कळणारही नाही. माझी याबद्दल अगदी ठाम भूमिका आहे: ज्याला लाट हवी त्याने दोनशे पावलं चालावं. गाडी कडक जमिनीवर, मधल्या स्टँडवर. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि बोर्ड टेकतो. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली फळीचा तुकडा घाला, तो डिकीत कायम असू द्या. माडाखाली लावू नका, नारळ पडतात. बोर्ड उन्हात लावून ठेवू नका, गाडीपाशी चहा पिण्यापुरताही नाही. वॅक्स वितळतं ते एक, पण फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटून फुगे येतात आणि ते दुरुस्त करणं महागात पडतं. होड्या ओढतात त्या वाटेवर गाडी आडवी येत नाही ना, हे विचारून घ्यायचं. ‘काका, गाडी हांगा दवरूं?’ (इथे ठेवू का?) एवढं विचारलं की जागाही मिळते आणि गाडीवर लक्षही राहतं. रापण ओढायचं चाललं असेल तर त्या भागात पाण्यात उतरायचं नाही.

किल्ली साधी असेल तर चड्डीच्या आतल्या खिशात, दोरीला गाठ मारून. स्मार्ट की मात्र खाऱ्या पाण्यात एका बुडीत मरते. ती ओळखीच्या शॅकवर ठेवा. नवख्याने जीवरक्षक कामावर आल्यावरच पाण्यात उतरावं.

पाण्यातून बाहेर आल्याबरोबर गाडी चालू, असं करू नका. खांदे गळलेले असतात, डोळ्यांत मीठ असतं, आणि वाकलं की नाकातून पाणी ओघळतं. ते हेल्मेटच्या आत झालं तर तुम्ही रस्ता सोडून नाकच सांभाळता. पंधरा-वीस मिनिटं बसा, दोन केळी खा, चेहरा गोड्या पाण्याने धुवा. त्यासाठी दोन लिटरची बाटली पायाशी ठेवायची. सुका शर्ट, बूट, हेल्मेट, मग निघायचं. मोटरसायकल असेल तर ओली चप्पल ब्रेकवरून, गिअरवरून सटकते.

घरी आल्यावर बोर्डआधी गाडी धुवा. साध्या नळीने, दाब न देता. जोराच्या फवाऱ्याने खारं पाणी बेअरिंगमध्ये ढकललं जातं. ब्रेकच्या लिव्हरचे सांधे, स्टँडची स्प्रिंग, रॅकचे बोल्ट यांना तेलाचे थेंब. मोटरसायकलवाल्यांनी चेन पुसून तेल द्यावं. बोल्ट दर आठवड्याला आवळून बघा, थरथरीने ते हमखास ढिले होतात.

भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो. रॅक असलेली मिळते का विचारा, आणि राज्याबाहेर न्यायची असेल तर मालकाला आधी विचारा.

लांब जायचं तर दक्षिणेला गोकर्ण आणि त्याही पुढे मंगळुरूजवळचं मुल्की. मुल्कीच्या सशिहित्लू किनाऱ्यावर २०१६ साली पहिली इंडियन ओपन सर्फिंग स्पर्धा झाली. शिकायला आणि बोर्ड भाड्याने घ्यायला तिथे चांगली सोय आहे. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या पल्ल्याला बोर्ड नेऊ नका, फिन, लीश आणि वॅक्स घेऊन जा, बोर्ड तिथेच घ्या. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, जुन्या पुलावरून जायचं. एका दिवसात कारवार-गोकर्ण पुरे. पुढे मरवंतेला राष्ट्रीय महामार्ग ६६ एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी यांच्या मधून जातो, झाडाचा आडोसा नाही. तो टप्पा सकाळीच पार करा, बोर्ड नसला तरी.

जून ते सप्टेंबर गोव्याच्या किनाऱ्यांवर पाण्यात उतरू नका सांगणारे लाल झेंडे असतात आणि ते उगाच नसतात. तेवढ्यात रॅक उतरवून वेल्डरकडे द्या. सांध्यांजवळचा गंज घासून काढायला, रंग द्यायला आणि काळा फोम बदलायला याहून बरी सवड मिळत नाही.