गिम्पमध्ये स्टिकरला पांढरी किनार कशी द्यावी

व्हॉट्सॲपच्या स्टिकरभोवती जी पांढरी बाह्यरेषा दिसते ती केवळ शोभेची नसते. गडद थीम वापरणाऱ्याच्या फोनवर काळ्याभोर केसांची कड पार्श्वभूमीत मिसळून जाते आणि चेहरा अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. पांढऱ्या किनारीमुळे आकृती सुटी उठून दिसते. व्हॉट्सॲपच्या नियमानुसार स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा असावा लागतो, आणि आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी किनार व कॅनव्हासच्या (म्हणजे चित्राच्या पूर्ण चौकोनाच्या) कडेपासून १६ पिक्सेलचे अंतर ठेवावे, अशी त्यांची शिफारस आहे. हे काम गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कसे करायचे, ते नऊवारी नेसून एक हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या आजीच्या छायाचित्रावरून पाहू.

पार्श्वभूमी आधीच काढून टाकलेली आहे असे धरून चालू, परंतु ती खरोखर निघाली आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आकृतीच्या लेअरखाली (लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक थर) गडद निळ्या रंगाचा एक तात्पुरता लेअर ठेवावा. पडद्यावर एरवी न जाणवणारे फिकट ठिपके त्यावर लगेच दिसू लागतात. ते खोडरबराने पुसावेत, कारण किनार टाकताना अशा प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरा फुगा तयार होतो. कडेला मागच्या झाडांची हिरवट छटा उरली असेल, तर आकृती निवडून ‘सिलेक्ट’मधील ‘श्रिंक’ने निवड १ पिक्सेलने आत घ्यावी, ‘इन्व्हर्ट’ करावी आणि डिलीटची कळ दाबावी.

आकार मात्र किनारीच्या आधी ठरवावा. नंतर चित्र लहान केले तर किनारही त्याच प्रमाणात बारीक होते. ५१२ मधून दोन्ही बाजूंचे १६-१६ आणि किनारीचे ८-८ पिक्सेल वजा केले की ४६४ उरतात. आजीची उंची तेवढी ठेवून ती कॅनव्हासच्या मधोमध बसवावी.

आता आजीच्या लेअरवर उजवे क्लिक करून ‘अल्फा टू सिलेक्शन’ (लेअरचा पारदर्शक नसलेला भाग निवडणारा पर्याय) निवडावे, म्हणजे आकृतीच्या कडेने तुटक रेघ हलताना दिसेल. ‘सिलेक्ट’मधील ‘ग्रो’मध्ये ८ हा आकडा द्यावा, नवा पारदर्शक लेअर घेऊन तो आजीच्या खाली सरकवावा आणि निवडलेला भाग पांढऱ्या रंगाने भरावा. मूळ छायाचित्राला धक्का लागत नाही, आणि किनार वेगळ्या लेअरवर असल्यामुळे तिचा रंग केव्हाही बदलता येतो.

खरी कसोटी केसांची असते. सुटलेल्या बटांभोवती किनार दातेरी होते. अशा वेळी निवड ८ ऐवजी आधी १४ पिक्सेलने वाढवून मग ६ पिक्सेलने आत घ्यावी. जाडी ८ पिक्सेलच राहते, पण बारीक फटी आणि खाचा बुजून रेषा गोलसर होते. कमरेवरच्या हातामुळे तयार झालेल्या त्रिकोणी पोकळीबद्दल मात्र स्वतःच्या नजरेने निर्णय घ्यावा: ती लहान असेल तर ‘रिमूव्ह होल्स’ने पांढरी भरून टाकणे बरे, कारण अरुंद पोकळीतली पारदर्शक चीर छोट्या स्टिकरमध्ये चुकून राहिलेल्या डागासारखी वाटते, मोठी असेल तर तशीच ठेवावी.

‘एडिट’मधील ‘स्ट्रोक सिलेक्शन’ हा पर्याय अधिक सरळ वाटतो, पण त्याची रेषा निवडीच्या कडेवर मधोमध बसते. म्हणजे ८ पिक्सेलची रेषा मागितली तर ४ पिक्सेल बाहेर जातात आणि उरलेले ४ आकृतीवर चढतात. आजीची नथ चेहऱ्याच्या कडेला आली असेल, तर तिचा एखादा मोती त्याखाली झाकला जाऊ शकतो. फोटोशॉपमध्ये लेअर स्टाइलमधील ‘स्ट्रोक’ला ‘आउटसाइड’ असे सांगता येते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवावे आणि स्टिकरसाठी वेबपी स्वरूपात एक्स्पोर्ट करावे. जेपीईजी वापरू नये, कारण त्यात पारदर्शकता टिकत नाही. स्थिर स्टिकरची फाइल १०० केबीच्या आत हवी. ती मोठी झाल्यास ‘लॉसलेस’ची खूण काढून दर्जा थोडा उतरवावा. एक्स्पोर्ट करण्यापूर्वी तो तात्पुरता निळा लेअर आठवणीने लपवावा, नाहीतर आजी निळ्या चौकोनात उभी राहते आणि एवढ्या निगुतीने काढलेली किनार पासपोर्टच्या फोटोसारखी दिसते.