नवा किचन नळ घेण्याआधी ओट्याखाली वाका

पुल-आउट नळ (ज्याचं तोंड नळीसकट बाहेर ओढता येतं), धबधब्यासारखं पाणी सोडणारं वर्कस्टेशन सिंक, पॉट फिलर (शेगडीवरच भांडं भरायला भिंतीत बसवलेला नळ): दुकानात हे सगळं पंपाच्या जोरावर छान चालतं. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत मात्र पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या बळावर उतरतं. टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंत १० मीटर उतार असेल तर साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) प्रेशर मिळतं. शेवटच्या मजल्यावर हा उतार जेमतेम ३-४ मीटर असतो, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. म्हणून बॉक्सवर किमान प्रेशर किती लिहिलंय ते आधी वाचा. १ बार असेल तर तो नळ शेवटच्या मजल्यासाठी नाही. पुल-आउटची नळी अरुंद असते, आत उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह असतो, पुढे शॉवरची बारीक भोकं. आधीच कमी असलेला जोर तिथेच संपतो. घरची धार तपासायला सध्याच्या नळाची जाळी काढून एक लिटरची बाटली भरा. १० सेकंद लागले तर मिनिटाला ६ लिटर. टाकी भरलेली असताना आणि तळाला गेलेली असताना, दोन्ही वेळा मोजा. धार वाढवायला पंप लावायचा विचार असेल तर आधी सोसायटीला विचारा. पालिकेच्या लाइनवर थेट पंप चालत नाही.

मग ओट्याखाली टॉर्च मारा. जुन्या घरांत नळाचा पॉइंट सिंकच्या वर, भिंतीत असतो. पुल-आउट नळ ओट्यावर किंवा सिंकवर बसतो. त्याला साधारण ३५ मिमीचं भोक लागतं आणि पाणी खालून यावं लागतं, म्हणजे टाइल्स फोडून लाइन खाली आणणं आलं. हा खर्च नळाच्या किमतीत कोणी धरत नाही. खाली सिलिंडर, कचऱ्याचा डबा, फिल्टरची नळी असेल तर पुल-आउटची नळी मागे ओढणारं वजन त्यांना अडकतं आणि नळी परत आत जात नाही. गरम पाण्याची लाइन नसेल तर गरम-थंड मिक्सर नळावर पैसे घालू नका, थंड पाण्याचा सिंगल नळ घ्या.

सामान प्लंबर येण्याआधी आणून ठेवा: अर्ध्या इंचाचे दोन अँगल कॉक (नळाआधी पाणी बंद करायच्या छोट्या तोट्या), कनेक्शन पाईप आणि त्यांचे वॉशर, टेफ्लॉन टेप, बॉटल ट्रॅप, जाळीवालं वेस्ट कपलिंग. नळाचं कार्ट्रिज (आतला पाणी चालू-बंद करणारा भाग) मुंबईत सुटं मिळतं का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. सहा महिन्यांनी नळ टपकायला लागला की सगळं त्यावर अडतं.

काळ्या कोटिंगचं सिंक घ्यायचं असेल तर पाणी कुठलं ते बघा. पालिकेचं तानसा, भातसा धरणांचं पाणी मऊ आहे, पण टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळत असेल तर पांढरे डाग काळ्यावर लगेच उठून दिसतात आणि घासून काढायला गेलं की कोटिंगला ओरखडे पडतात.

पॉट फिलर आमच्या मते घेऊच नये. शेगडीजवळ पाणी वाहून जायला जागा नाही आणि भिंतीतला जोड गळला तर कळायला उशीर होतो. त्या पैशांत खोल सिंक आणि उंच मानेचा फिरता नळ येतो. कुकर, परात, पातेलं सगळं खाली मावतं.

बसवण्याच्या दिवशी मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करा, अँगल कॉक लागले की व्हॉल्व्ह उघडून, कनेक्शन पाईप जोडण्याआधी त्यांच्याखाली बादली धरून दोन मिनिटं पाणी सोडा. फोडाफोडीची माती आणि गंज नळात गेला तर पहिल्याच दिवशी जाळी तुंबते. जोड झाल्यावर प्रत्येकावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा, रात्री झोपताना पुन्हा एकदा.