डिप्रेशनच्या गोळ्यांवर केस गळू लागले तर: गोळी बंद करण्याआधी काय बघायचं

बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका अडकला, उशीवर केस दिसू लागले, की पहिला संशय नव्याने सुरू झालेल्या गोळीवर जातो. बरेच जण दुसऱ्याच दिवशी ती बंद करून टाकतात. पण दोष गोळीचाच आहे हे तोवर ठरलेलं नसतं. आणि असला, तरी आज गोळी सोडल्याने आजची गळती थांबत नाही, कारण आज कंगव्यात आलेला केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच वाढायचा थांबलेला असतो.

डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस कुठल्याही वेळी वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. विश्रांती साधारण तीन महिन्यांची. ती संपली की केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. अशा रीतीने रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. शरीराला एखादा धक्का बसला की एरवीपेक्षा बरेच जास्त केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. डिप्रेशनवरच्या गोळ्यांमुळे होणारी गळती बहुतेक याच प्रकारची असते. यात मूळ मरत नाही, त्यामुळे केस परत येतात.

आधी मागे मोजा

गळती वाढल्याचं जेव्हा जाणवलं तो आठवडा कॅलेंडरवर शोधा आणि तिथून दोन ते चार महिने मागे जा. त्या काळात काय काय झालं ते कागदावर लिहा: कुठली गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, डेंग्यू, टायफॉइड, कोव्हिडसारखा मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, झपाट्याने उतरलेलं वजन. मूळ आजारही या यादीत येतो. डिप्रेशनमध्ये जेवण सुटतं, झोप उडते, वजन घटतं; त्यानेही केस जातात. आजार ऐन भरात असताना गोळी सुरू होते, म्हणून दोघांच्या तारखा जवळजवळ येतात आणि आळ गोळीवर जातो. गोळी सुरू करून आठ-दहा दिवसच झाले असतील, तर ती या गळतीचं कारण असण्याची शक्यता फार कमी. दोन-तीन महिने झाले असतील आणि मधे दुसरं काही घडलं नसेल, तर संशय रास्त आहे.

चिठ्ठीतली बाकीची औषधंही वाचा. घबराट किंवा हाताच्या कापासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने केस गळू शकतात. बायपोलरसाठीचं (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार) व्हॅल्प्रोएट तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. डोस जास्त तशी गळती जास्त, आणि काहींचे नवे केस कुरळे उगवतात. त्याच आजारातलं लिथियम दोन बाजूंनी त्रास देतं: थेट, आणि थायरॉइड मंदावून. मुरमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन लोक सांगायलाच विसरतात.

गळती खरंच जास्त आहे का

नुसत्या नजरेवर जाऊ नका. आठवड्यातून एकदाच डोक्यावरून आंघोळ करणाऱ्यांचे मधल्या दिवसांत सुटलेले केस त्या दिवशी एकदम निघतात. शंभर-दीडशेही असू शकतात. लांब केस कमी असले तरी गोळा मोठा दिसतो. म्हणून दोन गोष्टी करा.

एक, ओढून पाहायची चाचणी. केस धुतल्याला किमान एक दिवस झालेला हवा. पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत टाळूजवळ धरा आणि हलक्या हाताने टोकापर्यंत ओढत न्या. झटका द्यायचा नाही. माथा, दोन्ही बाजू आणि मागे, अशा चार ठिकाणी करा. बहुतेक ठिकाणी सहा किंवा जास्त केस हातात आले, तर गळती वाढलेली आहे. आलेल्या केसाचं टोक उजेडात बघा. मुळाकडे बारीक पांढरी गाठ असेल, तर तो विश्रांती संपवून पडलेला केस. ती गाठ म्हणजे मूळ उपटलं असं वाटून लोक घाबरतात, पण तसं नसतं. गाठ नसलेले, मधेच तुटलेले केस दिसले तर दोष स्ट्रेटनिंग, रंग किंवा घट्ट वेणीचा.

दुसरं, भांगाचा फोटो. महिन्यातून एकदा, केस कोरडे असताना, त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, उलट धास्ती वाढते.

तपासण्या

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं पुरे. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो तळाला गेलेला असू शकतो, विशेषतः मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांमध्ये. ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरून उपचार करतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटंच वर जातं, म्हणून आजारातून उठल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा. लिथियमवर असाल तर टीएसएच एरवीही दर सहा महिन्यांनी व्हायला हवी.

इथे एक गफलत हमखास होते. केस गळताहेत म्हणून मेडिकलमधून बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) आणून सुरू करतात आणि मग रक्त देतात. केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आणि एवढ्या डोसने काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटीच कमी येते. थायरॉइड मंद असलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, निरोगी माणसाचा थायरॉइड जास्त काम करत असल्यासारखा. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला सांगा. तसंही, बायोटिनची कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही.

डॉक्टरांशी काय बोलायचं

वरचा कागद आणि रिपोर्ट घेऊन, ज्यांनी गोळी दिली त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. भेटीपर्यंत गोळी चालू ठेवा. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडलं तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे ते सोडल्यावर हा त्रास कमी. पण आजार उलटण्याचा धोका सगळ्यांतच आहे, आणि उलटलेला आजार स्वतःच केस घालवतो.

डॉक्टरांपुढे साधारण तीन वाटा असतात. गोळी चांगली लागू पडली असेल आणि गळती मध्यम असेल, तर दोन-तीन महिने थांबून बघणं. काहींची गळती गोळी चालू असतानाच ओसरते. दुसरी वाट डोस कमी करण्याची. तिसरी, हळूहळू दुसऱ्या गोळीवर नेण्याची. सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, एस्सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, सगळ्यांवर केसगळतीच्या नोंदी आहेत, पण ती विरळाच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात धोका ब्यूप्रोपिऑनवर सर्वांत जास्त आणि पॅरॉक्सेटिनवर सर्वांत कमी दिसला. पण तेवढ्यावरून ‘मला पॅरॉक्सेटिनच द्या’ असा हट्ट धरू नये. तीच गोळी सोडताना जास्त छळते आणि वजनही वाढवते. एका गोळीने केस गेले म्हणून त्याच गटातल्या दुसरीने जातीलच असं नाही. चार औषधं करून पाचवं लागू पडलं असेल, तर ते केसांपायी सोडणं महागात पडतं. हा हिशेब डॉक्टरांसमोर उघडपणे मांडा. ‘केसांचं काय घेऊन बसलात’ असं कुणी उडवून लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण याच कारणाने माणसं गुपचूप गोळी सोडतात. गोळी सोडल्यावर मन ढासळलं, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

घरी

केस धुणं बंद करू नका. न धुतल्याने गळती फक्त पुढे ढकलली जाते. शिकेकाई, शांपू, जे सोसतं ते वापरा. माक्याच्या किंवा खोबरेल तेलाला हरकत नाही, मात्र त्याने ही गळती थांबत नाही. घट्ट अंबाडा टाळा. जेवणात दोन्ही वेळेला डाळ, उसळ, दही, अंडं किंवा मासे यांपैकी काहीतरी हवंच. लोहाची गोळी चहासोबत नको. एक-दीड तासाचं अंतर ठेवा. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर उलट केस जातात, त्यामुळे दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकावर एक घेऊ नका. पोटात घ्यायचं कुठलंही चूर्ण, विशेषतः अश्वगंधा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिच्याने झोप वाढते आणि थायरॉइडचे आकडे हलतात.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस उगवण्यासाठी डोक्याला लावायचं औषध, या गळतीत बहुधा लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं, तर पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती आणखी वाढू शकते आणि लोक तिथेच सोडतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. घरात मांजर असेल तर लावलेलं डोकं, उशी, बाटली तिच्यापासून लांब ठेवा. थोडंसं चाटलं तरी तिच्या जिवावर बेतू शकतं.

कारण दूर झाल्यावर गळती ओसरायला तीन ते सहा महिने लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कपाळाच्या कडेला उभे राहणारे, तेलाने न बसणारे आखूड केस ही पहिली खूण. खांद्यापर्यंतच्या केसांचा दाटपणा भरून यायला दोन वर्षंही लागतात.

सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल, फक्त भांग रुंदावत किंवा कानशिलं मागे जात असतील, रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल, टाळूवर खाज, खपल्या, लाली असेल, तर कारण वेगळं आहे आणि त्वचारोगतज्ज्ञच हवा. एकाच जागी कमीजास्त लांबीचे तुटके केस दिसत असतील, तर नकळत केस उपटण्याची सवय आहे का ते बघा. ही सवय असलेल्यांना पुष्कळदा चिंतेचा आजारही असतो, आणि तिच्यावर उपचार मानसोपचारतज्ज्ञच करतात.