तळ्यात माशांना आडोसा करताय? या चुका टाळा

मुंबईत राहायचं आणि शनिवार-रविवारी कर्जत-मुरबाडकडच्या आपल्या तळ्यावर गळ टाकून बसायचं, हे सुख ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाण्यात फांद्या-बांबू टाकले की मासे जमतात, हे खरं. पण आम्ही केलेला पहिला आडोसा मे महिन्यात कोरड्या मातीवर पडला होता आणि त्यात एक शेळी पाला शोधत होती!

चूक आमचीच. ऑगस्टात तळं तुडुंब असताना काठाजवळ जागा ठरवली. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो, पुढे पाणी उतरतच राहतं. म्हणून जागा मे महिन्यातच बघा. तेव्हाच्या पाण्याच्या कडेला खुंटी ठोका आणि आडोसा तिच्या आत, पाण्यात करा. अगदी खोल खड्ड्यातही नको. उन्हाळ्यात वरचं तापलेलं हलकं पाणी खालच्यात मिसळत नाही, तळाशी प्राणवायू संपतो. तिथे मासा फिरकत नाही.

याहून महागात पडते ती ओल्या पाल्यासकट फांद्या टाकायची घाई. पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचतो. त्यात आठवडाभर ढगाळ राहिलं, की ऊन नसल्याने पाण्यातलं शेवाळही तो पुरेसा तयार करत नाही. मग पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. असं दिसलं तर खाद्य लगेच बंद करा, पंपाने पाणी उचलून उंचावरून तळ्यातच पाडा आणि कुजका पाला बाहेर ओढा. फांद्या आधी वाळवून, पाला झाडूनच टाकाव्यात.

वाळका बांबू तरंगतो, कारण पेरांत हवा असते. प्रत्येक पेराला भोक पाडा आणि बुडाशी दगड बांधा. उभा रोवलात तर उत्तम. त्यावर शेवाळाचा थर चढतो आणि रोहू तो खरवडून खातो. कटला वरच्या थरात चरतो, त्याला या बांबूंचं फारसं कौतुक नाही. आडोशाला मरळ मात्र हमखास येते आणि ती छोटे मासे खाते, त्यामुळे नुकती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली असतील तर जरा थांबा.

तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर काहीही रोवू नका. बादलीत सिमेंट ओतून त्यात बांबू उभे करा, खाली जाड पोतं घाला.

फुकट मिळतात म्हणून टायर तर नकोच. फ्लोरिडाजवळ १९७०च्या दशकात समुद्रात सुमारे २० लाख टायर टाकले होते. बांधणी तुटली आणि टायर जवळच्या प्रवाळावर जाऊन आदळले.

शेवटचं, जाळ्याचं. मासे ओढून काढायचे असतील तर आडोसे एकाच कोपऱ्यात ठेवा. फांद्यांच्या प्रत्येक भाऱ्याला नायलॉनची दोरी आणि तिच्या वरच्या टोकाला तरंगणारा रिकामा डबा बांधा, म्हणजे भारा कुठे आहे ते दिसेल. जाळं अडकून फाटलं, तर जाळंवाला पुढच्या वेळी फोन उचलत नाही.