मातृवंदना योजनेचा अडकलेला हप्ता मिळाला त्याची गोष्ट

माझे माहेर तासगावचे आणि सासर मिरज तालुक्यातले. पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत मिळून ५,००० रुपये मिळतात, त्यांपैकी ३,००० रुपयांचा पहिला हप्ता माझी गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी वेळेत होऊनही जमा होईना. अंगणवाडीतून घरपोच आहार मात्र नियमित मिळत होता, त्यामुळे चूक अंगणवाडीच्या नोंदीत नसावी, असे मला वाटले आणि ते खरे ठरले.

अंगणवाडीताईंनी अर्जाची स्थिती पाहिली, तेव्हा पैसे परत गेल्याचे दिसले. माझे आधार सध्याच्या खात्याला जोडलेले होते, हे खरे. परंतु सरकारी अनुदान आधारशी जोडलेल्या प्रत्येक खात्यात जात नाही, तर ज्या एकाच खात्याचे आधार सीडिंग, म्हणजे अनुदान जमा करण्यासाठीची आधारची नोंद, झालेले असते त्यातच जाते, आणि माझे सीडिंग कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या, पुढे बंद केलेल्या खात्यावर तसेच राहिले होते. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिल्यावर जुन्या बँकेचे नाव समोर आले. हे आधीच पाहिले असते, तर बँकेतील पासबुक भरण्याचे चार हेलपाटे वाचले असते!

सध्याच्या बँकेत मी नुसते ‘आधार लिंक करा’ असे न म्हणता डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी, सीडिंग करण्याचा संमतीअर्ज भरून दिला आणि त्याची पोच घेतली. संकेतस्थळावर नव्या बँकेचे नाव दिसू लागल्यावर ताईंना कळवले. पुढच्या खेपेस हप्ता जमा झाला. उरलेल्या २,००० रुपयांसाठी बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण व्हावा लागतो, म्हणून लसीकरणाचे कार्ड आता पासबुकातच ठेवले आहे.